सुरुवातीला जुळतो, शेवटी घसरतो: ट्रेलरमधला आवाज दरवर्षी का सुटतो

"सर, काल घरी एकदम बरोबर होतं की ओ!"

हे वाक्य मार्च-एप्रिलमध्ये मला चार-पाच गटांकडून तरी ऐकावं लागतं. मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या मीडिया लॅबमध्ये संगणक सांभाळतो. मुलं वर्षाच्या शेवटी लघुपट करतात, त्याआधी त्याचा दीड मिनिटाचा ट्रेलर दाखवावा लागतो, आणि दाखवायच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन दारात उभं असतं. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. यंदा एका ट्रेलरमध्ये बाप यंत्रमागाजवळ उभा राहून मुलीला म्हणतो, "माग थांबला की घर जागं होतं." वाक्य चांगलं आहे. पण 'जागं होतं' ऐकू आलं तेव्हा बापाचं तोंड मिटून अर्धा सेकंद झाला होता. मागच्या बाकावरची मुलं हसली.

एडिटिंग करणारा पोरगा रात्रभर काय करत होता ते टाइमलाइन (सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीने लावायची पट्टी) बघूनच कळलं. आवाजाच्या क्लिपचे बारा तुकडे, आणि प्रत्येक तुकडा थोडाथोडा डावीकडे सरकवलेला. "काय करलालास बे?" म्हटलं, तर म्हणाला, "जुळवलालोय, सर." ताणाच सैल असेल तर विणलेलं कापड ओढून किती सरळ करणार? एक शॉट बदलला की त्याच्या पुढचं सगळं परत बिघडत होतं.

आधी घसरण कुठल्या जातीची आहे ते बघा

ट्रेलर बाजूला ठेवा. ज्या मूळ क्लिपमधून तो संवाद घेतला, ती पूर्ण क्लिप एका रिकाम्या टाइमलाइनवर टाका आणि तीन ठिकाणी ऐका: सुरुवातीला, मध्यावर, शेवटी.

तिन्ही ठिकाणी आवाज सारखाच मागे किंवा सारखाच पुढे असेल तर तुमचं नशीब चांगलं. एकदाच सरकवा, काम संपलं. सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे फरक वाढत जात असेल तर सरकवून काहीही होणार नाही. दोष फाइलमध्ये आहे. सुरुवातीला बरोबर, मध्ये बिघडलेलं, आणि शेवटी वेगळ्याच प्रमाणात बिघडलेलं असेल तर दोष फाइलमध्येच, फक्त शूटिंगच्या वेळी उजेड किंवा फोनचं तापमान बदलत होतं. आणि क्लिप तिन्ही ठिकाणी बरोबर असूनही ट्रेलर चुकीचा दिसत असेल, तर बिघाड तुमच्या कानातल्या इअरफोनमध्ये किंवा हॉलमधल्या प्रोजेक्टरमध्ये शोधा. त्याबद्दल पुढे.

आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी सात-आठ गटांचा प्रकार दुसरा किंवा तिसरा असतो.

फोन सेकंदाला ३० चित्रं घेतो, असं आपण समजतो

फोनच्या सेटिंगमध्ये ३० लिहिलेलं असतं. पण साधा कॅमेरा ॲप ते ३० काटेकोरपणे पाळत नाही. उजेड कमी झाला की प्रत्येक चित्राला जास्त वेळ प्रकाश मिळावा म्हणून तो चित्रांची संख्या गुपचूप कमी करतो. फोन तापला की प्रोसेसर मंदावतो आणि काही चित्रं गळतात. सेकंदाला कधी ३०, कधी २९, कधी २४. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात, म्हणजे बदलता फ्रेम रेट. आवाज मात्र आपल्या ठरलेल्या गतीनेच नोंदला जातो.

आता सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग शेडमध्ये भर दुपारी शूटिंग करून बघा. वर पत्रा, बाहेर पारा चाळिशीच्या पुढे, आत दोन ट्यूबलाइटचा उजेड, आणि दिग्दर्शक म्हणतोय, "कट करू नको, चालू राहू दे." फोनला उष्णता आणि अंधार दोन्ही एकदम मिळतात. सोलापूरच्या पोरांना हे दुखणं दरवर्षी होतं ते उगाच नाही.

मग घरी बरोबर का दिसतं? फोनवर किंवा व्हीएलसीसारख्या प्लेअरवर प्रत्येक चित्रासोबत त्याची वेळ वाचली जाते. कमी चित्रं असली तरी ती आपापल्या वेळेला दाखवली जातात. एडिटिंगची काही सॉफ्टवेअरं, विशेषतः जुन्या आवृत्त्या, ती वेळ न बघता चित्रं ३० च्या चालीने एकामागून एक लावून टाकतात. समजा ९० सेकंदांच्या क्लिपची खरी सरासरी २९.८ आहे. ३० धरून लावली की चित्र ०.६ सेकंद आधी संपतं. १८ फ्रेम, म्हणजे १८ चित्रं. बापाचं तोंड लवकर मिटलं ते असं. नव्या आवृत्त्या बऱ्याच शहाण्या झाल्या आहेत, पण कॉलेजच्या लॅबमध्ये काय आवृत्ती असते हे मी सांगायला नको.

माणसाच्या कानाडोळ्यांना हे किती जाणवतं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे राहिला की ते लक्षात येऊ लागतं. आवाज मागे राहिलेला आपण जास्त सहन करतो, कारण रोजच्या जगात लांबचा आवाज उशिराच येतो. तोंड उघडण्याआधीच शब्द ऐकू आला तर मात्र लगेच खटकतं. ०.६ सेकंद म्हणजे ६०० मिलिसेकंद. हसणारी मुलं चुकली नव्हती.

खात्री कशी करायची

मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात टाका आणि व्हिडिओच्या भागात 'फ्रेम रेट मोड' ही ओळ शोधा. तिथे 'व्हेरिएबल' असेल तर चोर सापडला. त्याखाली किमान आणि कमाल फ्रेम रेटही दिसतो. एका गटाच्या क्लिपमध्ये किमान आकडा पंधराच्या आसपास होता. शेडमधली वीज मध्येच गेली तेव्हाही रेकॉर्डिंग चालू होतं.

तिथेच ऑडिओचा 'सॅम्पलिंग रेट', म्हणजे सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद होते ते, बघून घ्या. व्हिडिओच्या कामात ४८ किलोहर्ट्झ चालतं. व्हॉइस रेकॉर्डर ॲप बरेचदा ४४.१ ला नोंदतात. बहुतेक सॉफ्टवेअर हा फरक स्वतः सांभाळतं. पण एखाद्याने ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजवली, तर एक मिनिटाचा आवाज ५५ सेकंदांत संपतो आणि बोलणाऱ्याचा आवाज बारीक होतो, जवळजवळ पाऊण सुराने. आवाज बारीक झाला नसेल तर या शक्यतेच्या मागे लागू नका.

"दोन फोनची घड्याळं वेगळी चालतात, म्हणून घसरतं," असंही एक स्पष्टीकरण मुलं ऐकून येतात. घड्याळं वेगळी चालतात हे खरं, पण तो फरक तासाभराच्या भाषणाच्या रेकॉर्डिंगमध्ये जाणवेल. दोन मिनिटांच्या शॉटमध्ये नाही.

दुरुस्ती

हँडब्रेक हे व्हिडिओचं रूपांतर करणारं मोफत सॉफ्टवेअर वापरा. फाइल उघडा, 'व्हिडिओ' टॅबमध्ये जा, फ्रेम रेटच्या खान्यात ३० निवडा आणि त्याच्या खालचा पर्याय 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करा.

इथेच निम्मी मुलं फसतात. नेहमीचा प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) निवडला की तिथे आपोआप 'पीक फ्रेमरेट' निवडलेलं असतं. त्याचा अर्थ 'जास्तीत जास्त ३०', म्हणजे फाइल बदलतीच राहते. मुलं अर्धा तास रूपांतर करतात, नवी फाइल टाइमलाइनवर टाकतात, आणि "सर, हँडब्रेकने काही होत नाही" म्हणून परत येतात. रूपांतर झाल्यावर नवी फाइल पुन्हा मीडियाइन्फोमध्ये टाकायची, 'कॉन्स्टंट' दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. लॅबच्या फळ्यावर मी हे खडूने लिहून ठेवलंय, दरवर्षी कुणीतरी पुसतं.

क्वालिटीचा आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मी १६ ते १८ ठेवतो. ऑडिओ टॅबमध्ये सॅम्पल रेट ४८ करा. प्रीसेटच्या यादीत 'प्रॉडक्शन' नावाचा गट आहे, तो एडिटिंगसाठीच बनवलेला आहे. जागा भरपूर असेल तर तोच घ्या. जिथे चित्र गळलं होतं तिथे हँडब्रेक मागचंच चित्र पुन्हा ठेवतो, त्यामुळे वेळेचा हिशेब आवाजाशी बसतो. हालचालीत किंचित अडखळ दिसेल, पण ती कुणाच्या लक्षात येत नाही.

मूळ फाइल पुसू नका. आणि हेही आधीच सांगतो: एडिटिंग पूर्ण झाल्यावर नवी फाइल जुन्या जागी जोडली तर कापलेल्या जागा थोड्या हलतात, त्या परत बघाव्या लागतात. ट्रेलरमध्ये चाळीस-पन्नास शॉट असले तरी बोलताना ओठ दिसणारे पाच-सहाच असतात. तेवढेच बदला. आदल्या रात्री सगळ्या क्लिप रूपांतर करायला बसाल तर सकाळी 'उरलेला वेळ ४ तास' बघत बसाल.

क्लिप एकमेकांना व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तिथे ती पुन्हा दाबून लहान केली जाते आणि मूळ फाइलचं काहीच उरत नाही. पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, त्याहून बरं म्हणजे केबल लावा.

मागाच्या खटखटीत सॉफ्टवेअरही फसतं

फोनचा आवाज आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज लाटा बघून आपोआप जुळवायची सोय दा विंची रिझॉल्व्हसारख्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. एरवी उत्तम चालते. यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र तिचा घोळ होतो. माग मिनिटाला शंभराच्या वर फटके मारतो, प्रत्येक फटका आधीच्यासारखाच. सॉफ्टवेअर लाटा जुळवताना एक फटका सोडून शेजारचा पकडतं, आणि सगळा संवाद सुमारे अर्ध्या सेकंदाने सरकतो. गंमत म्हणजे मागाचा आवाज अगदी चित्राशी जुळलेला दिसतो, कारण फटके फटक्यांवरच बसलेले असतात! ओठांकडे बघेपर्यंत कळत नाही.

उपाय जुनाच: टाळी. पण शेडमध्ये साध्या टाळीचा आवाज बुडतो. मागवाल्यांना विनंती करून शॉटच्या आधी दहा सेकंद जवळचे एक-दोन माग थांबवता आले तर सोन्याहून पिवळं. नाहीतर दोन लाकडी पट्ट्या रेकॉर्डरच्या माइकजवळ जोरात आपटा, कॅमेऱ्यात त्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत, आणि तोंडाने "शॉट सात, टेक दोन" म्हणा. मग पट्ट्या भिडल्याची फ्रेम आणि आवाजाचा टोकदार सुळका हाताने जुळवा. एका शॉटला वीस सेकंद लागतात.

टाळीचाही एक सापळा आहे. गेल्या वर्षी एका गटाने सिद्धेश्वर तलावाच्या एका काठावर फोन लावला आणि पात्रं पलीकडे देवळाच्या बाजूला उभी केली. फ्रेम सुंदर होती. रेकॉर्डर पात्राच्या खिशात. मुलांनी फोनचा आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज आपोआप जुळवला, आणि तरीही ओठ चुकत होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. अंतर ६० मीटर धरलं तर टाळीचा आवाज फोनपर्यंत पोचायला ०.१७ सेकंद लागले, म्हणजे पाच फ्रेम. उजेड मात्र तत्क्षणी पोचलेला. फोनमधला आवाज स्वतःच उशिराचा, त्याच्याशी रेकॉर्डर जुळवला की रेकॉर्डरही उशिरा. लांबचा शॉट असेल तर फोनच्या आवाजाकडे बघायचंच नाही. पट्ट्या भिडताना दिसतात ती फ्रेम आणि रेकॉर्डरमधला सुळका, एवढंच खरं.

ब्लूटूथ काढा

हा मुद्दा छोटा आहे पण यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. एका मुलीची फाइल कॉन्स्टंट, सॅम्पल रेट बरोबर, टाळी बरोबर, तरी लॅबच्या स्पीकरवर आवाज ठळकपणे आधी येत होता. शेवटी तिच्या गळ्यातले वायरलेस इअरफोन दिसले. ब्लूटूथवर आवाज कानात पोचायला १०० ते ३०० मिलिसेकंद उशीर होऊ शकतो. सिनेमा बघताना प्लेअर तो उशीर सांभाळून घेतो, एडिटिंगचं सॉफ्टवेअर बरेचदा घेत नाही. तिला आवाज मागे वाटला म्हणून तिने सगळा पुढे ओढला. म्हणजे बरोबर असलेलं तिने मेहनतीने चुकवलं होतं. लॅबमध्ये वायरचे दोन हेडफोन आहेत, त्यातला एक फक्त उजव्या कानात वाजतो. तोही चालेल.

पुढच्या वेळी, कागदावर असतानाच

ट्रेलरची आखणी म्हणजे आवडते शॉट निवडणं, असा मुलांचा समज असतो. मी त्यांना एक साधी शीट करायला लावतो, गूगल शीट्सवर, सगळ्यांना उघडता येईल अशी. शॉट क्रमांक, जागा, कोण, किती सेकंद, आणि एक खाना: 'ओठ दिसतात का?'

हा एक खाना निम्मं काम वाचवतो. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, भुईकोट किल्ल्याचा तट, कढईतून निघणारी भजी, मागावर सरकणारी चादर: इथे 'नाही'. हे शॉट कुठल्याही फोनवर, कुठल्याही फ्रेम रेटला घ्या, आवाज वेगळा लावा, काही बिघडत नाही. ज्यांच्यापुढे 'हो' आहे ते पाच-सहा शॉट सगळ्यात चांगल्या फोनवर, भरपूर उजेडात, सकाळी लवकर, वेगळ्या रेकॉर्डरसह घ्या. आणि खरं सांगायचं तर ट्रेलरमध्ये 'हो' जितके कमी तितकं बरं. बापाचं ते वाक्य थांबलेल्या मागाच्या शॉटवर ऐकवलं असतं तर ओठांचा प्रश्नच नव्हता, आणि वाक्यही जास्त लागलं असतं. मुलांना नट दिसला पाहिजे असं वाटतं. नटालाही तसंच वाटतं, तो वाद मी मिटवू शकत नाही.

शूटिंगच्या वेळी 'हो' वाल्या शॉटसाठी एवढं पाळा. सगळ्यांचे फोन एकाच फ्रेम रेटला. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला 'ऑटो एफपीएस' बंद. अँड्रॉइडवर साध्या कॅमेऱ्याऐवजी ब्लॅकमॅजिक कॅमेऱ्यासारखं मोफत ॲप घ्या, त्यात फ्रेम रेट आणि शटर दोन्ही हाताने ठरवता येतात. फाइल तरीही मीडियाइन्फोमध्ये तपासाच. शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला प्रकाश मिळण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि १/६० ला ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. फोनचं कव्हर काढा, दोन टेकच्या मध्ये सावलीत ठेवा. एक क्लिप दोन मिनिटांच्या वर नेऊ नका. विमान मोड चालू, नाहीतर उत्तम टेक चालू असताना आईचा फोन येतो, "जेवलास का?"

रिझॉल्व्हमध्ये काम करणार असाल तर पहिली क्लिप टाइमलाइनवर टाकण्याआधी प्रोजेक्टचा फ्रेम रेट ठरवा. नंतर तो बदलू देत नाही. 'सिनेमासारखं दिसावं' म्हणून २४ निवडून त्यात ३० च्या क्लिप भरल्या तर आवाज सुटणार नाही, पण प्रत्येक पॅन (कॅमेरा आडवा फिरवलेला शॉट) झटके देत जाईल.

हॉलमध्ये

एवढं सगळं करूनही प्रत्यक्ष दाखवताना घोटाळा होऊ शकतो. प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करायला थोडा वेळ घेतो. चित्र एचडीएमआयने प्रोजेक्टरला आणि आवाज वेगळ्या वायरने थेट ॲम्प्लिफायरला गेला, तर आवाज आधी पोचतो, आणि तोच प्रकार जास्त खटकतो. म्हणून प्रत्येक गटाला मी ट्रेलरसोबत दहा सेकंदांची टाळीची क्लिप आणायला सांगतो. कार्यक्रमाच्या तासभर आधी ती पडद्यावर लावायची आणि शेवटच्या रांगेत नाही, मधल्या रांगेत बसून बघायची. आवाज आधी येत असेल तर व्हीएलसीमध्ये 'के' हे बटण दाबा, एका दाबाला आवाज ५० मिलिसेकंद उशिरा होतो. उलट असेल तर 'जे'.

यंदा आमच्या हॉलमध्ये 'के' दोनदा दाबावं लागलं. बापाच्या वाक्याला या वेळी कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एकाने फक्त विचारलं, तो माग कुणाच्या शेडमधला आहे.